चौथा वाढदिवस, समुद्र आणि सत्तावीस कामांची यादी

पत्राचा गोषवारा: एका आईची लेक २३ दिवसांनी चार वर्षांची होणार आहे. तिला ‘समुद्राचा वाढदिवस’ हवा आहे. आईने ठरवलं की सगळं घरीच, स्वतःच्या हाताने करायचं. चित्रं बघून तिने २७ कामांची यादी केली. त्यात ६० कागदी मासे, २२ जेलीफिश, २२ टोप्या, फुग्यांची कमान, निळा केक असं सगळं आहे. येणारी मुलं २२. नोकरी सांभाळून, लेक झोपल्यावर रोज तासभर मिळतो. पहिल्या दोन रात्रींत अकरा मासे झाले. नवरा म्हणतो, सजावटवाल्यांना काम देऊन मोकळी हो. तिला वाटतं, तसं केलं तर लेकीसाठी आपण काहीच केलं नाही असं होईल. गेल्या वर्षी केक कापायच्या वेळी लेक रडत आतल्या खोलीत जाऊन बसली होती, त्याचीही धास्ती आहे. त्यात परवापासून लेक म्हणू लागली आहे, ‘समुद्र नको, आगीचा बंब हवा.’ आता काय करू, असं त्या विचारतात.

प्रिय मैत्रीण,

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडू. दोन रात्री म्हणजे दोन तास, आणि त्यात अकरा मासे. एका माशाला साधारण ११ मिनिटं लागली. उरलेल्या ४९ माशांना नऊ तास लागतील. कागदी वाटीला झिरमिळ्या चिकटवून केलेला एक जेलीफिश १५ मिनिटांचा धरला, तर २२ जेलीफिशचे साडेपाच तास. दहा मिनिटांची एक टोपी म्हटली तरी २२ टोप्यांचे पावणेचार तास. सत्तावीसपैकी ही तीनच कामं अठरा तासांवर जातात. तुमच्या हातात २३ रात्री आहेत. त्यातल्या शेवटच्या दोन स्वयंपाकघरात जातील. तीन-चार रात्री तुम्ही दमून लेकीशेजारीच झोपी जाल, आणि तसं झोपायलाही हवं. म्हणजे उरले सतरा तास. तेव्हा आपला हात मंद आहे किंवा आपल्याला नियोजन जमत नाही, हे मनातून काढून टाका. ही यादी एका माणसाच्या आवाक्यातली नव्हतीच.

आता तीच यादी हातात घ्या आणि प्रत्येक कामापुढे लिहा, ‘मुलं याचं काय करणार?’ मासे भिंतीवर, जेलीफिश छताला, कमान दारात, फलक टेबलामागे. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘बघणार’ असंच येईल. आणि किती वेळ बघणार? चार वर्षांचं मूल छताला टांगलेल्या जेलीफिशकडे एकदा मान वर करून बघतं आणि पळतं.

लेकीला ‘कसा समुद्र हवा?’ असं विचारू नका. ‘समुद्रात जाऊन तू काय करणार?’ असं विचारा. बुडी मारणार, मासे पकडणार, शार्क होऊन सगळ्यांना खाणार, असलं काहीतरी ऐकायला मिळेल. मोठ्यांच्या लेखी थीम म्हणजे रंगसंगती. या वयातल्या मुलांच्या लेखी ते एक सोंग असतं, आणि सोंगाचा खेळ चौथ्या-पाचव्या वर्षी ऐन भरात असतो. म्हणून माझं सांगणं इतकंच आहे: आत शिरता येईल अशी एक मोठी वस्तू करा, हाताने खेळायचा एक खेळ करा आणि समुद्रात शिरल्यासारखं वाटेल असं एक दार करा. बाकी सगळ्यावर काट मारा.

नवऱ्याच्या सुचवणीतही तथ्य आहे. सजावटवाल्यांना काम दिलं तर तुमच्या रात्री वाचतील आणि तुम्ही त्या दिवशी ताज्या असाल. मुलांना त्याने काही कमी पडत नाही. अडचण एवढीच की ती सजावट बघण्यासाठी असते. तिला हात लावला की मोठी माणसं ओरडतात. मधला मार्ग असा: मुलं ज्याला हात लावणार ते घरी करा, संध्याकाळी कचऱ्यात जाणार ते साधं, एकरंगी, तयार विकत घ्या. थाळ्या, पेले, रुमाल, टेबलावरचा कागद यांवर मासे छापलेले नसले तरी एकाही मुलाच्या ते लक्षात येत नाही. आणि आपण लेकीसाठी काहीच केलं नाही, ही भीती? हाताने केलेली एक पाणबुडी तिच्यासाठी पुष्कळ आहे.

ती पाणबुडी करायची कशी, ते नीट सांगते.

फ्रिजचं पुठ्ठ्याचं खोकं मिळवा. ते आडवं ठेवलं की साधारण पावणेदोन मीटर लांब आणि ६०-७० सेंमी उंच होतं. तीन मुलं त्यात एकामागे एक बसतात. नाहीच मिळालं तर वॉशिंग मशीनची दोन खोकी टोकाला टोक जोडा. कामाला लागण्याआधी खोक्याच्या सांध्यांवरून बोट फिरवून तारेच्या पिना शोधा आणि पकडीने एकूण एक उपटून काढा. या पिनाच पुढे गुडघ्यात आणि तळहातात घुसतात. मग दोन्ही टोकं पूर्ण उघडी ठेवा, एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. बंद होणारं दार करू नका. एक मूल आत आणि दोन जणं दार दाबून बाहेर उभी, असा खेळ दोन मिनिटांत सुरू होतो आणि आतलं मूल घाबरतं. माथ्यावर ३५ सेंमी व्यासाचं एक भोक पाडा, म्हणजे गुडघ्यांवर उभ्या राहिलेल्या कप्तानाला डोकं बाहेर काढता येईल. भोक पाडल्यावर वरची बाजू लेचीपेची होते. म्हणून भोकाभोवती आतून पुठ्ठ्याचा दुसरा थर, काठापासून चार बोटं रुंद, पांढऱ्या डिंकाने चिकटवा आणि वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

खिडक्यांसाठी जेवणाचं ताट उपडं ठेवून गोल आखा. दोन्ही बाजूंना दोन दोन खिडक्या पुरेत. कटरचं पातं नवं घ्या आणि एकाच दणक्यात आरपार कापायला जाऊ नका. त्याच रेषेवरून तीन वेळा हलक्या हाताने पातं फिरवा. जोर लावला की पातं पुठ्ठ्यातल्या नळ्यांच्या दिशेने घसरतं, गोल वाकडा होतो आणि बोटही कापतं. कापलेल्या प्रत्येक काठावर कागदी चिकटपट्टी दुमडून लावा. पुठ्ठ्याची कड कोवळ्या कातडीला पात्यासारखी लागते.

खिडकीला आतून निळा जिलेटिन कागद लावा. डिंक त्यावर धरत नाही, पारदर्शक चिकटपट्टी चारही बाजूंनी सलग लावा. दोन थर दिले की रंग गडद होतो. आता त्या खोक्यात स्वतः शिरून बघा. बाहेरचा उजेड निळा होऊन आत झिरपतो, हातावर पडतो, समोरच्या मुलाचा चेहरा निळा दिसतो. साठ मासे भिंतीला लावूनही ‘आपण पाण्याखाली आहोत’ हे असं वाटत नाही. तोच कागद दिव्यावर मात्र गुंडाळू नका. गरम दिव्याने तो वितळतो आणि पेटूही शकतो.

रंगवताना होणारी चूक बहुधा एकच असते. पातळ रंगाने एकच बाजू रंगवली की पुठ्ठा ती बाजू ओढून घेतो आणि सकाळी पाहावं तर पाणबुडी केळ्यासारखी वाकलेली. रंग दाट ठेवा, स्पंज जवळजवळ कोरडा करून थोपटत लावा, दोन पातळ हात द्या आणि मधे दोन तास जाऊ द्या. रंगवण्याचं काम इतक्यात करू नका, का ते शेवटी सांगते.

वेळ असेल तर पाणबुडीवर परिदर्शक लावा, म्हणजे पाणबुडीतून वरचं बघायची नळी. हे एक काम असं आहे की ज्यावर घालवलेला तास पूर्ण वसूल होतो. कारण बाहेरच्यांना कळू न देता त्यांच्याकडे बघता येणं, ही मुलांना मोठी सत्ता वाटते. ४० सेंमी लांब आणि २९ सेंमी रुंद पुठ्ठा घ्या, आतल्या नळ्या लांबीच्या दिशेला येतील असा. रुंदीवर सात-सात सेंमीचे चार भाग आखा, उरलेला एक सेंमी चिकटवायला. बोथट सुरीने रेषा दाबून घेतल्या की पुठ्ठा सरळ मुडपतो आणि चौकोनी नळी होते. खालच्या टोकाला पाठीमागच्या बाजूला आणि वरच्या टोकाला पुढच्या बाजूला ६ सेंमीची एकेक चौकोनी खिडकी कापा. आता दोन आरसे हवेत, ७ सेंमी रुंद आणि १० सेंमी लांब, प्लॅस्टिकचे, काचेचे नकोत. प्रत्येक खिडकीशेजारच्या दोन्ही भिंतींवर ७ सेंमीचा चौकोन आखून त्याच्या कर्णावर चीर द्या. कर्ण भरतो जवळजवळ १० सेंमी, म्हणून आरशाची लांबी तेवढी. चिरेतून आरसा आरपार सरकवा आणि चिरांजवळच्या त्याच्या कडा चिकटपट्टीने झाका. दोन्ही आरसे एकमेकांना समांतर आणि चमकती बाजू समोरासमोर, हे तपासा. एखादा आरसा थोडा कलला तर नुसतं छत दिसतं. वरची खिडकी चुकून खालच्या खिडकीच्याच बाजूला कापली गेली तर पाठीमागचं दृश्य उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. नळी ४० सेंमीहून फार लांब केली तर दिसणारा तुकडा चिमुकला होतो. आणि मुलांना सांगा, यातून सूर्याकडे बघायचं नाही. आरशातून आला तरी तो सूर्यच.

दाराचं काम पाऊण तासाचं आहे. ९० सेंमी रुंदीच्या चौकटीला निळ्या आणि हिरव्या क्रेप कागदाच्या ५ सेंमी रुंद पट्ट्या मधे ३ सेंमी जागा सोडून लावा. अकरा पट्ट्या लागतात. जमिनीपासून साधारण ६० सेंमीवर त्या संपू द्या, म्हणजे मुलांच्या तोंडाला गुदगुल्या होतात पण पायात येत नाहीत. क्रेप कागदच घ्या, साटीनची रिबीन नको. मूल गुरफटलं तर क्रेप फाटतो, रिबीन फाटत नाही. क्रेपला पाणी लागलं की रंग सुटतो आणि कपड्यांवरून निघत नाही, तेव्हा पाण्याचे पेले दारापासून लांब ठेवा.

भिंतीवर काही लावायचंच असेल तर आधी जमिनीवर मांडी घालून बसा आणि तिथून खोली बघा. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं. जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आत जे आहे तेच त्याचं घर. त्याच्या वरचं सगळं मोठ्यांसाठी आणि फोटोंसाठी. तुमच्या यादीतली निम्मी कामं या वरच्या भागातली आहेत.

फुग्यांची कमान सोडून द्या, असं मी आग्रहाने सांगते. रबरी फुगा फुटल्यावर उरणारा तुकडा, किंवा न फुगवलेला फुगा, तोंडात गेला तर घशाला घट्ट चिकटून श्वास बंद करतो. आठ वर्षांखालच्या मुलांजवळ फुगे असतील तर मोठं माणूस शेजारी हवं, अशी सूचना फुग्यांच्या पाकिटांवरही असते. शंभर फुग्यांच्या कमानीतला कुठला कधी फुटला, यावर त्या गडबडीत कोण लक्ष ठेवणार? त्याऐवजी पातळ कागदाचे मोठे गोंडे करा. आठ कागद एकावर एक ठेवून ४ सेंमीच्या घड्या आलटून-पालटून घाला, मधोमध दोरा बांधा आणि एकेक पापुद्रा हळूच उलगडा. असे चार पुरेत.

आता तुमचे अकरा मासे. त्यांना वाया घालवू नका, गळाच्या खेळासाठी वापरा. नऊ मुलं धरली तर प्रत्येकाला दोन, म्हणजे अठरा मासे. आणखी सातच करायचे आहेत, सव्वा तासाचं काम. सगळे मासे जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पाठीवर जाड कागदाची ५ सेंमीची उभी कडी लावा. गळासाठी वर्तमानपत्राचे चार कागद एकत्र घट्ट गुंडाळून ५० सेंमीची काठी करा. लाकडी काठी नको, शेजारच्याच्या डोळ्याशी गाठ असते. दोरी ३० सेंमीच ठेवा. लांब दोरी झुलत राहते, या वयाच्या हाताला ती आवरत नाही, मग दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि भांडण होतं. टोकाला पुठ्ठ्याचा बोटभर जाड आकडा बांधा.

अनेक ठिकाणी या खेळात लोहचुंबक वापरायला सांगतात. बारीक, शक्तिशाली चुंबक लहान मुलांच्या खेळात अजिबात नकोत. एकाहून जास्त चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधे आतडं चिमटतं आणि त्याला भोक पडू शकतं. मग शस्त्रक्रियेची वेळ येते. कागदी कडी आणि आकड्याने मजा तसूभरही कमी होत नाही. कुणाचं धाकटं भावंड येणार असेल तर आणखी एक चाचणी करा: टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी ठेवायची नाही.

२२ मुलांबद्दल. चार वर्षांची बावीस मुलं एका घरात म्हणजे वाढदिवसाची मुलगी हरवणार. गेल्या वर्षीचं रडणं आठवा. आठ ते दहा मुलं पुरेत, आणि दर चार मुलांमागे एक मोठं माणूस, ज्याच्या हातात त्या वेळी दुसरं काही काम नाही. बोलावणं आधीच गेलं असेल आणि मागे घेणं शक्य नसेल तर दोन गट करा. घरची आणि नात्यातली मुलं एका दिवशी, मैत्रिणी दुसऱ्या दिवशी. पाणबुडी दोन दिवस सहज टिकते.

वेळ पावणेदोन तास ठेवा, दुपारच्या झोपेनंतरचा. पहिली वीस मिनिटं मुलं एकेक करून येतात, तेव्हा जमिनीवर कागद अंथरून पुठ्ठ्याचे कोरे मासे आणि रंग मांडून ठेवा. आल्या आल्या काय करायचं ते कळलं की बुजरं मूलही बसतं. रंगवलेला मासा त्याने घरी न्यायचा, तीच त्याची परतभेट. छोट्या प्लॅस्टिक खेळण्यांच्या पिशव्या भरण्याचं कामही त्यातच मिटलं. मग पंचवीस मिनिटं पाणबुडी. तीन मुलं आत, दहापासून उलटी मोजणी, मग बुडी. बाहेरची सहा मुलं नुसती रांगेत उभी राहिली की ढकलाढकली ठरलेलीच. त्यांच्या हातात निळी चादर द्या, काठ धरून हलवायला. ते समुद्र. तीन-चार मिनिटांनी पाळी बदलायची. पंधरा मिनिटं गळाचा खेळ, पंचवीस मिनिटं खाणं आणि केक, उरलेला वेळ मोकळा. मोकळा वेळ कार्यक्रमातून काढू नका, त्यातच मुलं परत पाणबुडीत शिरतात आणि खरं खेळतात. बाद होत जाणारे खेळ ठेवू नका. या वयात ‘तू आऊट’ म्हणजे ‘तू नको’ असंच ऐकू येतं.

केक कापताना लेक का रडली असेल? सगळं एकाच क्षणी अंगावर आलं असेल: दिवे गेले, पंधरा-वीस मोठी माणसं जवळ सरकली, टाळ्या, मोठ्याने गाणं, समोर ज्योत आणि सगळ्यांच्या हातात फोन. त्यात ती दमलेली. यातली एकेक गोष्ट कमी करा. दिवे चालू राहू द्या. टेबलाभोवती मुलंच बसवा, मोठी माणसं भिंतीशी. फोटो एकाच माणसाने काढायचे, हे आधीच सगळ्यांना सांगा. दोन दिवस आधी बाहुल्यांना बसवून केक कापायचा खेळ तिच्याबरोबर दोनदा खेळा. आणि त्या दिवशी ती ‘नको’ म्हणाली तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. केक कुठे जात नाही. मेणबत्तीच्या वर आणि आसपास हातभर अंतरात क्रेप कागद, गोंडे, कागदी टोप्या काही नको. फवारून उडवायचा फेस तर घरातच आणू नका, तो ज्योतीजवळ भडकतो.

निळ्या केकचं सांगते. लोणी, साखर, मैदा प्रत्येकी २०० ग्रॅम, चार अंडी आणि दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर. लोणी आणि अंडी आधी तासभर बाहेर काढून ठेवा, थंड अंड्यांनी मिश्रण फाटतं. २० सेंमीच्या दोन भांड्यांत अर्धं अर्धं ओता आणि १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा. पहिली पंधरा मिनिटं ओव्हन उघडू नका, मधला भाग खाली बसतो. बेकिंग पावडर जास्त झाली तरी तसंच होतं. याचे सोळा लहान तुकडे होतात. दोन दिवस आधी भाजा, पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळा. कोमट असताना गुंडाळला तर वाफेने वरचा थर चिकट होतो.

वरच्या लेपाला २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि दोन मोठे चमचे दूध. रंग जेलचा घ्या, पातळ रंगाने लेप सैल होतो. लोणी मुळात पिवळसर, म्हणून निळा घातला की हिरवट झाक येते. तुमच्या समुद्राला ती शोभूनच दिसेल. अगदी निळाच हवा असेल तर सुईच्या टोकावर मावेल एवढा जांभळा त्यात मिसळा. हवी त्यापेक्षा एक छटा आधीच थांबा, लेपाचा रंग काही तासांत आपोआप गडद होतो. आधी पातळ थर देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चुरा बसतो, मग वरचा थर द्या. निळा फक्त माथ्यावर लावा. बाजूला लेपावर १०० ग्रॅम बिस्किटांचा चुरा थोपटला की वाळू झाली आणि बाजू गुळगुळीत करायचं कष्टाचं काम वाचलं. निळे दात आणि निळे कपडेही कमी होतात.

बाकी खाणं मुलांच्या ओळखीचं, थोडं आणि बोटांनी उचलता येईल असं असू द्या. त्याला समुद्राचा आकार देत बसू नका. आख्खी द्राक्षं नकोत, उभी चार तुकडे करून द्या. आख्खा सुकामेवा, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या वयाला नकोत, घशात अडकतात. बोलावणं पाठवतानाच एक ओळ लिहा: ‘बाळाला कोणता पदार्थ चालत नसेल तर आधी कळवा.’ आणि केकमध्ये काय काय आहे, ते एका कागदावर लिहून केकशेजारी ठेवा.

राहिला आगीचा बंब. चार वर्षांच्या मुलीने तीन आठवड्यांत मत बदलणं ही अडचण म्हणून धरू नका, आणखी एकदा बदलेल असंच गृहीत धरा. म्हणूनच रंगवायला थांबायला सांगितलं. खोक्यातल्या पिना, भोक, खिडक्या, काठांवरची पट्टी, परिदर्शक ही सगळी कामं आता सुरू करा, त्यांना समुद्र आणि बंब दोन्ही सारखेच. दहा दिवस उरले की तिला एकदा शेवटचं विचारा, दोनच पर्याय देऊन, आणि त्यानंतर ठरलं ते ठरलं. बंब ठरला तर निळ्या जिलेटिनच्या जागी लाल आणि पिवळा लावा, दारातल्या पट्ट्या नारिंगी करा म्हणजे त्या ज्वाळा झाल्या, चादर लाल. वर्तमानपत्राच्या काठ्या पाण्याच्या नळ्या होतात. तुमचे अठरा मासेही चालतील. आग विझवणाऱ्या बोटी खरोखर असतात, त्या समुद्राचंच पाणी पंपाने उपसून जहाजांवरच्या आणि धक्क्यावरच्या आगीवर मारतात. तिला तसा एक फोटो दाखवा. बहुतेक तिला दोन्ही हवं असेल आणि दोन्ही मिळेलही.

लाल ठरला तर रंगाला एक रात्र जास्त धरा. तपकिरी पुठ्ठ्यावर लाल रंगाचा पहिला हात विटकरी दिसतो. आधी पांढऱ्याचा एक हात देऊन तो पूर्ण वाळू द्या, मग लाल लावा.